दहा रविवार, अठरा हजार रुपये आणि सहा नंबरची जागा

आमच्या गावच्या संघासाठी गेल्या नोव्हेंबर ते जानेवारीत आम्ही दहा रविवारांचं फुटबॉल प्रशिक्षण लावलं होतं. एकूण खर्च १८,००० रुपये. एवढे पैसे क्लबच्या पेटीत नव्हते. वाड्यावर घरोघरी फिरून, दोघा दुकानदारांकडून आणि आमच्यातल्या नोकरदार पोरांकडून ते जमवले, म्हणून हिशेब द्यायला मी बांधील आहे. शिवाय इथे गोव्यात डिचोली-साखळीकडच्या तीन-चार संघांचे फोन आले, "सर कसे आहेत, बोलवावं का?" प्रत्येकाला तेच पुन्हा सांगण्यापेक्षा इथे सविस्तर लिहितो. प्रशिक्षण देणाऱ्या सरांचं नाव त्यांच्याच सांगण्यावरून घालत नाही. म्हापशाकडचे आहेत, पन्नाशी उलटलेली, स्वतः क्लब फुटबॉल खेळलेले. संपर्क हवा असेल त्याने मला विचारावं.

मी सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिक्षक. वय ३८. गावच्या संघात एकोणीस वर्षं सहा नंबरला खेळलो, म्हणजे बचावफळीच्या पुढे, मधोमध. हे सांगणं भाग आहे, कारण सरांना बोलावण्याचं मुख्य कारण मीच होतो. आदल्या मोसमात माझा उजवा गुडघा सुजला आणि मी तीन सामने बाहेर बसलो. तिन्ही हरलो. पोरं आळशीपणे खेळली म्हणावं तर तसंही नाही. धावत होती, भिडत होती, पण बॉल पायात आला की कुठे द्यायचा हे कुणालाच सुचत नव्हतं. उचलायचा आणि पुढे मारायचा, एवढंच. बाहेर बसून ते बघताना माझ्या पोटात कालवलं. आपण संघ उभा केलाय असं मी इतकी वर्षं समजत होतो आणि इथे बाकीचे दहा जण माझ्या सवयींच्या आधाराने उभे होते. आधार काढला, पडले.

पहिल्या रविवारी सकाळी साडेसहाला सर स्कूटरवरून आले, मागे जाळीत आठ बॉल बांधलेले. मला वाटलं, आता मैदानाला फेऱ्या मारायला लावतील. त्यांनी मला बाजूला घेतलं, हातात एक शाळकरी वही दिली आणि म्हणाले, "तुम्ही आज खेळू नका. हे वीस मिनिटं खेळतील. तुम्ही आत असता तर जे केलं असतं आणि आत्ता होत नाही, तेवढंच लिहा."

ती वही अजून माझ्याकडे आहे. पहिल्या पाच मिनिटांत मी काहीच लिहिलं नाही, कारण मी नक्की काय करतो हे मलाच ठाऊक नव्हतं. मग एकेक दिसायला लागलं. स्टॉपरच्या, म्हणजे मधल्या बचावपटूच्या, पायात बॉल आहे, पण त्याच्याजवळ येऊन मागणारा कुणी नाही. डावा बॅक वर गेला, त्याची मोकळी जागा कुणी धरली नाही. हवेतला बॉल डोक्याला लागून खाली पडतो तिथे आपला माणूस नाही. आपण दमलोय, तरी बॉल थांबवून दोन श्वास घेऊ देणारा कुणी नाही. कोण कुठे आहे ते ओरडून सांगणारा नाही. कॉर्नर कोणी मारायचा यावर दोघांची बोलाचाली. वीस मिनिटांत सहा ओळी झाल्या. सरांनी वही बघितली आणि म्हणाले, "ही सहा कामं झाली. तुमच्यासारखा दुसरा माणूस ह्या गावात मिळायचा नाही, शोधूही नका. पण सहा कामांना माणसं आहेत इथे."

कामं अशी वाटली. बॉल मागायचं काम सतरा वर्षांच्या एका पोराला. साखळीला बारावीत शिकतो तो, अंगाने बारीक. डाव्या बॅकची जागा भरायचं काम डाव्या स्टॉपरला. खाली पडणारे बॉल जिंकायचे आमच्या मधल्या फळीतल्या आठ नंबरने, कारण त्याचे पाय तेज आहेत. वेग कमी करणं आणि बोलणं ही दोन कामं सरांनी कुणालाच दिली नाहीत. "ती सांगून येत नाहीत, त्यांना वेळ लागतो," म्हणाले. कॉर्नर तर पहिल्याच दिवशी माझ्याकडून काढून घेतले. तेव्हा मी काही बोललो नाही, पण मला लागलं.

त्याच दिवशी त्यांनी इंग्लंडच्या मँचेस्टर सिटी क्लबची गोष्ट सांगितली. २०१८च्या डिसेंबरात त्यांचा सहा नंबरच्या जागेवर खेळणारा फर्नांडिन्यो दुखापतीमुळे बाहेर होता आणि सिटी आधी क्रिस्टल पॅलेसकडून, मग लेस्टरकडून, लागोपाठ दोन सामने हरली. एवढे पैसे, एवढे खेळाडू, पण त्या एका जागेला माणूस नव्हता. २०१९च्या उन्हाळ्यात प्रशिक्षक ग्वार्दिओलाने त्या जागेसाठी रोद्रीला आणलं. मला महत्त्वाचं वाटलं ते पुढचं. चौतीस वर्षांच्या फर्नांडिन्योला त्याने लगेच घरी पाठवलं नाही. त्या मोसमात त्याला बरेचदा बचावाच्या मध्यभागी खेळवलं आणि तो २०२२पर्यंत क्लबात राहिला. म्हणजे नवा माणूस त्या जागेवर रुळत होता तेव्हा जुना त्याच्या पाठीमागेच होता, बघत, बोलत. "आपल्याला रोद्री विकत घेता येत नाही," सर म्हणाले, "पण हे दुसरं करता येतं. त्याला पैसे पडत नाहीत."

आता प्रत्यक्ष शिकवण्याबद्दल. सरांना बोलवावं की नाही हे यावरच ठरेल, म्हणून इथे जास्त लिहितो.

सरांनी आमच्या मैदानावर चुन्याने चार उभ्या रेघा मारल्या, त्यामुळे पाच पट्टे पडले. एका उभ्या पट्ट्यात आपल्यातले दोघांपेक्षा जास्त नकोत, एका आडव्या रेषेत तिघांपेक्षा जास्त नकोत, एवढाच नियम. युरोपातले मोठे प्रशिक्षक सरावाची मैदानं अशी आखतात हे मी ऐकून होतो. आमच्या तांबड्या मातीवर, जिथे चतुर्थीनंतर गवत काढायलाच दोन दिवस जातात, तिथे हे चालेल असं मात्र वाटलं नव्हतं. पण पोरांना रेघ दिसली की कळतं. "पसरून खेळा" असं मी वर्षानुवर्षं ओरडत होतो आणि कुणी पसरत नव्हतं. रेघ ओलांडली की शिट्टी आणि बॉल समोरच्यांना, हे दोनदा झाल्यावर आपोआप पसरले. पाचव्या रविवारी सरांनी रेघा पुसल्या. पोरं तरी पट्ट्यातच उभी.

दुसरा सराव रिंगणाचा. चौघे बाहेर, दोघे आत, आठ पावलांचा चौकोन, बॉलला एकच स्पर्श. स्पेनमध्ये याला रोंदो म्हणतात आणि बार्सिलोनात लहान मुलांपासून मोठ्यांपर्यंत सगळे हेच करतात. आम्हीही सामन्याआधी अंग गरम करायला असलं रिंगण करायचो, हसतखिदळत. सरांनी त्यात एकच बदल केला. ज्याचा पास चुकला तो आत जायचाच, पण त्याला पास देणाराही त्याच्यासोबत आत. म्हणजे पास चुकवणाऱ्याची चूक आणि त्याला वाईट जागी पास देणाऱ्याची चूक सारखीच. दोन रविवारांत पोरं पास देण्याआधी विचार करू लागली: त्याच्या कुठल्या पायात द्यायचा, त्याच्या अंगावर कोण आहे.

मी स्वतः शिकवण्याचा धंदा करतो, म्हणून मला त्यांची पद्धत नीट कळली. वर्गात वजाबाकीतला हातचा शिकवताना मी एका वेळी एकच गोष्ट बदलतो. आधी काड्या, मग चित्रं, मग नुसते आकडे. तीन गोष्टी एकदम बदलल्या की मूल गांगरतं आणि घोकायला लागतं. सरांचं तसंच. एका रविवारी एकच नवी अट. आणि ती अट तोंडी सांगायची नाही, खेळ असा रचायचा की पोराला ती स्वतःच सापडेल.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे त्या बारीक पोराचा सराव. तो मैदानाच्या मध्यभागी उभा, तोंड आमच्या गोलकडे. स्टॉपर त्याला बॉल देणार. सर त्याच्या पाठीमागे पंधरा पावलांवर उभे, हात वर, बोटं दाखवत: कधी दोन, कधी चार. बॉल स्टॉपरच्या पायातून सुटून याच्यापर्यंत पोचायच्या आत याने मान वळवून बघायचं आणि आकडा ओरडायचा. पहिल्या दिवशी दहातले दोन बरोबर आले. तिथेच उभा राहून मी मोजत होतो. मैदानावर आम्ही सगळे कोंकणीतच बोलतो, आणि सरांचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे: "फाटीं पळय! फाटीं पळय!" म्हणजे मागे बघ. तिसऱ्या रविवारी दहातले सात. मग बोटं बंद झाली. पाठीमागे आठ नंबर उभा केला: कधी तो अंगावर धावून येई, कधी जागेवरच थांबे. आला तर एका स्पर्शात बॉल परत मागे. नाही आला तर अंग तिरकं ठेवून लांबच्या पायावर बॉल घ्यायचा आणि वळायचं. लांबचा पाय हे मला कुणी कधी शिकवलं नव्हतं. मी ते करत आलो होतो, पण शब्दांत सांगता येत नव्हतं. एकोणीस वर्षं जे पायात होतं ते दुसऱ्याच्या पायात जाताना मी पहिल्यांदाच बघत होतो.

गोल किकचाही, म्हणजे समोरच्यांनी बॉल आपल्या गोलरेषेबाहेर घालवल्यावर मारायच्या किकचाही, एक सराव घेतला. १ जून २०१९पासून नियम बदललाय, गोल किकचा बॉल आता पेनल्टी बॉक्सच्या आतच आपल्या साथीदाराला घेता येतो. आम्ही तो बदल कधी वापरलाच नव्हता. सरांनी दोन्ही स्टॉपर बॉक्समध्ये गोलीच्या दोन बाजूंना उभे केले. पण आमच्या मैदानाची डावी बाजू उतरती आणि दगडगोट्यांची आहे. तिसऱ्याच प्रयत्नात बॉल उडाला आणि गोल खाल्ला. सर जाऊन पायाने ती जमीन चाचपून आले आणि म्हणाले, "घरच्या मैदानावर फक्त उजवीकडून." पुस्तकातली शैली आमच्या जमिनीला शरण आणली त्यांनी, हे मला आवडलं.

सरावानंतर आम्ही तिठ्यावरच्या हॉटेलात पातळ भाजी आणि उंडे, म्हणजे गोल पाव, खायला बसायचो. फीमध्ये न मोडणारं बरंच शिक्षण तिथे झालं. एकदा इंडियन सुपर लीगमधल्या एफसी गोवाचा विषय निघाला. २०१७मध्ये सर्जिओ लोबेरा प्रशिक्षक म्हणून आला आणि बॉल पायात ठेवून खेळणारा संघ त्याने घडवला. कोरो गोल मारत होता, जाहू मागून खेळ चालवत होता. मंदार राव देसाई, आपला गोव्याचाच, मुळात विंगर, म्हणजे कडेने चढाई करणारा, त्याला डावा बॅक केला. २०२०च्या जानेवारीअखेर लोबेराला काढलं आणि उरलेल्या सामन्यांत क्लिफर्ड मिरांडाने संघ सांभाळला. तरी खेळ तोच राहिला. लीगची शील्ड, म्हणजे गुणतक्त्यात पहिलं येण्याचं बक्षीस, जिंकली आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत पोचणारा पहिला भारतीय क्लब गोव्याचा झाला. म्हणजे शिकवणारा गेला तरी शिकवलेलं टिकलं. पण त्या उन्हाळ्यात जाहू, बूमूस, फॉल आणि मंदार मुंबई सिटीला गेले, लोबेराही तिथेच गेला आणि पुढच्या मोसमात मुंबईने शील्ड आणि चषक दोन्ही नेले.

आमच्यातल्या एकाचं म्हणणं पडलं, "म्हणजे शैली माणसांबरोबर जाते." सर म्हणाले, अर्धं खरं. कोरोही गेला होता, त्याच्या जागी गोव्याने इगोर अँगुलो आणला. कोरो ३७चा, हा ३६चा. त्याने १४ गोल मारून सर्वाधिक गोलांचा गोल्डन बूट घेतला आणि संघ उपांत्य फेरीत मुंबईकडून पेनल्टीवरच हरला. गोल मारणाऱ्याच्या जागी गोल मारणारा मिळतो. मधून खेळ चालवणारा गेला तर मात्र सगळ्यांचे पाय पुन्हा शिकवावे लागतात.

माझं मत याहून थोडं वेगळं आहे. गोव्याच्या धेंपो क्लबचा संघ आठवा. प्रशिक्षक आर्मांदो कुलासोंच्या हाताखाली पाच वेळा राष्ट्रीय विजेते. मी कॉलेजात असल्यापासून फातोर्ड्याच्या स्टेडियमवर जाऊन त्यांचे सामने बघितलेत. क्लायमॅक्स लॉरेन्स, क्लिफर्ड, महेश गवळी, समीर नाईक, ही मंडळी वर्षानुवर्षं एकत्र खेळली. त्यांना एकमेकांकडे बघावंही लागत नसे. तसली शैली कुठल्याही सरावातून विकत मिळत नाही, ती सोबतीने येते. गावच्या संघाकडे पैसे नसतील, पण सोबत आहे. आमची पोरं एकाच वाड्यावर वाढलीत. सरांच्या दहा रविवारांनी रुजायला तीच माती मिळाली.

सातव्या रविवारी सर मला म्हणाले, "आजपासून तुम्ही स्टॉपर." मला येणार हे ठाऊक होतं, तरी घशात आवंढा आला. मी वाद घातला. म्हटलं, २०११मध्ये इटलीच्या मिलान क्लबने माझ्यासारख्याच जागी खेळणाऱ्या ३२ वर्षांच्या पिर्लोला जाऊ दिलं, तो युव्हेंटसला गेला आणि पहिल्याच मोसमात एकही सामना न हरता लीग जिंकून दाखवली. घाई झाली की असं होतं. सर शांतपणे म्हणाले, "खरंय. पण पिर्लोला ती मागची जागा मिळाली कशी? २००१मध्ये ब्रेशिया क्लबात त्याच्या पुढच्या जागेवर बाज्जो होता, म्हणून प्रशिक्षक माझ्झोनेने त्याला मागे नेलं. मागे गेला म्हणून तो पिर्लो झाला." मी बूट बांधले आणि मागे जाऊन उभा राहिलो.

आणि मागून मैदान वेगळंच दिसतं. मध्ये असताना माझी अर्धी नजर पाठीमागे असायची. आता सगळा खेळ समोर. बोलायला श्वास उरतो. गुडघ्याला वळावं लागत नाही. सरांनी जे काम कुणालाच दिलं नव्हतं ते, बोलण्याचं, आपसूक माझ्याकडे आलं.

आता उणिवा. पैसे लोकांचे आहेत, म्हणून लपवून ठेवणार नाही. दहा रविवारांत गोलीसाठी वेगळा सराव मिळून एक तासही झाला नाही. पायाने खेळणारा गोली हवा म्हणायचं आणि त्यालाच शिकवायचं नाही, हे बरोबर नाही. मी सरांना तोंडावर सांगितलं, त्यांनी मान्य केलं. आघाडीच्या दोघांकडेही कमी लक्ष गेलं. बॉल छान फिरवून आम्ही बॉक्सपर्यंत पोचायचो आणि तिथे पुन्हा जुनाच गोंधळ. एक रविवार आदल्या रात्री साडेदहाला फोन करून रद्द केला. तो भरून दिला, पण त्या दिवशी दोन पोरं कामावरून सुट्टी काढून आली होती. शेवटचा लेखी अहवाल इंग्रजीत दिला. आमच्या पोरांपैकी निम्म्यांना तो वाचवत नाही. मी बसून मराठीत उतरवला, पण तो मराठीत देणं त्यांचं काम होतं. नवा संघ सरांना बोलावणार असेल तर गोलीचे तास आणि मराठी अहवाल आधीच ठरवून घ्या.

जानेवारीतल्या आंतरगाव स्पर्धेत आम्ही दोन सामने जिंकलो आणि उपांत्य सामना २-१ने हरलो. दुसरा गोल त्या बारीक पोराच्या चुकीने झाला. मी त्याला बॉल दिला, तो वळला आणि पाठीमागच्याने पाय घालून काढून घेतला. सामना संपल्यावर सर त्याच्याकडे गेले नाहीत, मला हाताने खूण केली. पोर बाटलीतलं पाणी डोक्यावर ओतत बसलं होतं. म्हणालं, "दादा, मी फाटीं बघितलेलं. कोण नव्हता." बघितलं होतं त्याने, मीही पाहिलं होतं. पण एकदाच, आणि लवकर. मी म्हटलं, "बॉल माझ्या पायातून सुटताना एकदा, आणि अर्ध्या वाटेवर आला की आणखी एकदा. मधल्या वेळात माणूस पोचतो." हे मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला सांगितलं. पुढच्या सरावात ते पोर दोनदा मान फिरवताना दिसलं, आणि त्या दिवशी बॉल त्याच्याकडून एकदाच गेला.

१८,००० रुपये वसूल झाले का? माझ्या मते झाले. ज्या संघात एकाच जुन्या माणसावर सगळं चाललंय त्याने तर बोलवावंच, आणि तो माणूस अजून धावतोय तोवर बोलवावं, बसल्यावर नव्हे. दहापेक्षा कमी रविवार घेऊ नका. पहिले चार नुसते जुन्या सवयी मोडण्यात जातात. पावसाळ्यात उपयोग नाही, नोव्हेंबरच्या आसपास सुरुवात करा. मैदान आखायचा चुना आपणच आणून ठेवायचा असतो, दोन पोती पुरतात. आणि ज्याची जागा जाणार आहे त्याच्याशी सर येण्याआधी घरच्या कुणीतरी बोलून ठेवा. आमच्याकडे ते राहून गेलं होतं.